दुसरी प्रत न काढता मोठ्या तक्त्यातल्या ओळींचा क्रम कसा बदलावा

चार जीबी रॅमच्या संगणकावर दीड जीबीचा तक्ता उघडतो. बेरजा होतात, गाळणीही लागते. पण "सभासद क्रमांकाप्रमाणे लाव" म्हटलं की पडदा गोठतो आणि थोड्या वेळानं प्रोग्रामच बंद पडतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात दूध संस्थांचं, पतसंस्थांचं, ऊसतोडणीच्या पावत्यांचं संगणकाचं काम करणाऱ्या अनेकांना हा अनुभव असेल. संगणक जुना झाला असं म्हणून आपण मोकळे होतो. खरं कारण वेगळं असतं. क्रम लावताना बहुतेक साधनं आधी नव्या क्रमाचा दुसरा तक्ता उभा करतात आणि तो पूर्ण झाल्यावरच जुना सोडतात. तेवढा वेळ दोन्ही तक्ते एकाच वेळी मेमरीत असतात.

माझं काम दूध संकलनाच्या नोंदींचं. साडेतीन हजार उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दूध, चार वर्षं, म्हणजे १ कोटी २ लाखांच्या वर ओळी. हिशेबाला सोपं जावं म्हणून १ कोटी धरू. तारीख, वेळ, सभासद क्रमांक, गाव, लिटर, फॅट, एस.एन.एफ. (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम असे करत करत २० रकाने. दर ओळीला एका रकान्यात ८ बाइट धरले तर एक रकाना ८ कोटी बाइटचा, म्हणजे ८० एमबी. सगळा तक्ता १.६ जीबी. त्याची दुसरी प्रत निघाली की ३.२ जीबी, आणि उरलेल्या जागेत विंडोजही बसवायचं असतं.

या लेखात "प्रत न काढता" याचा अर्थ "अख्ख्या तक्त्याची प्रत न काढता" एवढाच घ्या. थोडी जादा जागा लागतेच. ती १.६ जीबीऐवजी १००-१६० एमबीवर कशी आणायची, हे सांगतो. आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची.

ओळी हलवायच्याच आहेत का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण निम्म्या वेळा उत्तर "नाही" असतं. एकदाच छापील यादी काढायची असेल तर तक्त्याला हातही लावू नका. फक्त ओळींच्या क्रमांकांची एक यादी तयार करा: आधी ओळ ५२, मग ओळ ७, मग ओळ ९०३. छापताना त्या यादीप्रमाणे एकेक ओळ वाचा. १ कोटी ओळींची अशी यादी ४ बाइटच्या अंकांत ४० एमबीत बसते. तिला आपण क्रमयादी म्हणू.

मात्र त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा काम असेल, म्हणजे दर दहा दिवसांचं बिल, सभासदवार बेरीज, मागच्या वर्षाशी तुलना, तर ओळी खरोखर हलवलेल्या बऱ्या. प्रोसेसर मेमरीतून एकेक अंक उचलत नाही. शेजारचे मिळून साधारण ६४ बाइट एका दमात आणतो. एका सभासदाच्या ओळी एकमेकींना लागून असल्या तर एका खेपेत आठ अंक मिळतात. इकडे-तिकडे विखुरलेल्या असल्या तर आठ अंकांसाठी आठ खेपा होतात.

ज्या रकान्यावर क्रम लावायचा तो आधी नीट करा

आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून इथं जरा थांबतो.

वेगानं चालणारी साधनं अक्षरांचा क्रम शब्दकोशाप्रमाणे लावत नाहीत, युनिकोडमधल्या अंकांप्रमाणे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या अंकाप्रमाणे, लावतात. आर या आकडेवारीच्या संगणकभाषेतलं डेटा-टेबल हे साधन तर नेहमी असंच करतं. त्या क्रमात आधी सगळी इंग्रजी नावं, मग सगळी मराठी आणि त्यानंतर सगळी कन्नड येतात. आपल्याकडच्या गावाच्या रकान्यात तिन्ही लिप्या असतात. जुना कारकून मराठीत लिहून गेलेला, मधला इंग्रजीत, आताचा कन्नडात. एकच येळ्ळूर तीन ठिकाणी जातं. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळं एकाच तक्त्यात दोन्ही रूपं सापडतात, आणि अनुस्वार देऊन लिहिलेलं बेळगांव हे तिसरं. उपाय एकच: गावाच्या नावावर क्रम लावू नका. गावाला क्रमांक द्या आणि क्रमांकावर लावा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी क्रमांक दिलेला आहे, तो घेतला तर उद्या दुसऱ्या संस्थेची माहिती जोडतानाही उपयोगी पडतो.

वेळेच्या रकान्यात "सकाळ" आणि "संध्याकाळ" असे शब्द असतील तर हे नक्की बघा. दोन्हींचं पहिलं अक्षर स. पुढं एकात क आहे, दुसऱ्यात अनुस्वार. युनिकोडमध्ये अनुस्वाराचा अंक क च्या आधीचा आहे, म्हणून "संध्याकाळ" आधी लागते आणि "सकाळ" नंतर. प्रत्येक दिवसाचं संध्याकाळचं दूध सकाळच्या आधी! सकाळला १ आणि संध्याकाळला २ द्या, प्रश्न मिटतो.

ळ चंही असंच आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, पण युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे. म्हणून संगणक "काळे" आधी लावतो आणि "काशीद" नंतर. शब्दकोश उलटं लावील. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांत अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यापुढं एक न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. आणि अंक जर अक्षरं म्हणून साठवलेले असतील तर "१०" हा "२" च्या आधी जातो. सर्व्हे नंबर आणि सभासद क्रमांक यांत हे हमखास आढळतं.

रिकाम्या नोंदी कुठं जातात तेही आधीच पाहून ठेवा. डेटा-टेबलची सेटऑर्डर ही क्रम लावणारी आज्ञा त्यांना सुरुवातीला ठेवते, पायथन भाषेतलं पांडास हे साधन शेवटी.

क्रमयादी, आणि तिचं तोंड कुणीकडं आहे

आता सहा गावं घेऊ. तक्त्यात ती अशी आहेत:

१ येळ्ळूर
२ उचगाव
३ कडोली
४ सांबरा
५ बेळगुंदी
६ मच्छे

हवा असलेला क्रम: उचगाव, कडोली, बेळगुंदी, मच्छे, येळ्ळूर, सांबरा.

हा क्रम दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली तऱ्हा "कुठून आणायचं" याची. पहिल्या जागी ओळ २ आणा, दुसऱ्या जागी ओळ ३, मग ५, ६, १, ४. यादी झाली: २, ३, ५, ६, १, ४. दुसरी तऱ्हा "कुठं पाठवायचं" याची. पहिली ओळ, येळ्ळूर, पाचव्या जागी जाईल. उचगाव पहिल्या, कडोली दुसऱ्या, सांबरा सहाव्या, बेळगुंदी तिसऱ्या, मच्छे चौथ्या. यादी झाली: ५, १, २, ६, ३, ४.

दोन्ही याद्या बरोबर आहेत, पण एकीच्या जागी दुसरी वापरली की सगळं बिघडतं. दुसरी यादी चुकून "आणायची" म्हणून वापरली तर काय होतं ते पाहा: बेळगुंदी, येळ्ळूर, उचगाव, मच्छे, कडोली, सांबरा. पहिल्या तीन आणि पाचवी जागा चुकली, पण मच्छे आणि सांबरा अचूक जागी आले. कारण त्या दोघांची नुसती अदलाबदल आहे, आणि अदलाबदल कुठल्याही बाजूनं वाचली तरी तीच. म्हणून दोन ओळींच्या नमुन्यावर तपासून "बरोबर चालतंय" म्हणू नका. चाचणीच्या नमुन्यात किमान तीन ओळींची फिरती अदलाबदल असलीच पाहिजे.

आरमधली ऑर्डर आणि नमपाय या पायथनच्याच दुसऱ्या साधनातली आर्गसॉर्ट, दोन्ही आज्ञा "कुठून आणायचं" ही यादी देतात. आर मोजणी १ पासून करतं, नमपाय ० पासून.

यादी हातात आली की तक्त्याला हात लावण्याआधी तपासा: प्रत्येक ओळीचा क्रमांक तिच्यात एकदाच, आणि नेमका एकदाच, आला आहे ना? १ कोटी खुणांची पाटी घ्या, दर क्रमांकाला एकेक बिट. ती साडेबारा लाख बाइटांत मावते. क्रमांक आला की खूण करा, आधीच खूण असेल तर थांबा. ही तपासणी टाळू नका. एक क्रमांक दोनदा आला की कुणाची तरी एक ओळ दुप्पट होते आणि दुसऱ्या कुणाची तरी कायमची पुसली जाते. जागच्या जागी काम करताना मूळ प्रत शिल्लक नसते, परत कुठून आणणार?

एक ओळ हातात धरून

अख्ख्या ओळी एकामागोमाग साठवलेल्या असतील, म्हणजे सी भाषेतल्या स्ट्रक्टांच्या रांगेसारख्या, तर ही पद्धत वापरा. गुळाच्या अडतीत भिंतीला लागून ढेपा रचल्या आहेत आणि एकही जागा मोकळी नाही असं समजा. एक ढेप उचलून बाजूला ठेवली की एक जागा रिकामी होते, मग बाकीचं आपोआप सरकवता येतं.

आपल्या सहा गावांत येळ्ळूर उचलून हातात धरा. जागा १ रिकामी झाली. यादी म्हणते तिथं २ आणा, म्हणून उचगाव जागा १ वर. आता २ रिकामी, तिथं ३, म्हणजे कडोली. ३ रिकामी, तिथं ५, म्हणजे बेळगुंदी. ५ रिकामी, आणि यादी म्हणते तिथं १ आणा. पण १ वरची मूळ ओळ तर आपल्या हातात आहे. येळ्ळूर जागा ५ वर ठेवा. एक फेरा पुरा झाला. १, २, ३, ५ यांवर "झालं" अशी खूण करा. पुढची खूण नसलेली जागा ४. सांबरा हातात धरा, मच्छे ४ वर आणा, सांबरा ६ वर ठेवा. संपलं.

हेच पायऱ्यांनी लिहायचं तर:

प्रत्येक जागा ज घ्या, १ पासून शेवटपर्यंत:
— झालं[ज] असेल तर पुढच्या जागेकडं जा
— हातात = ओळ[ज], रिकामी = ज
— यादी[रिकामी] ही ज नसेल तोवर: ओळ[रिकामी] = ओळ[यादी[रिकामी]], झालं[रिकामी] = हो, रिकामी = यादी[रिकामी]
— ओळ[रिकामी] = हातात, झालं[रिकामी] = हो

प्रत्येक ओळ एकदाच हलते. जादा जागा म्हणजे क्रमयादी, खुणांची पाटी आणि हातातली एक ओळ. क्रमयादी नंतर लागणार नसेल तर पाटीचीही गरज नाही, काम झालेल्या जागी यादीतच ज च्या जागी ज लिहून टाका.

रकाने वेगवेगळे साठवलेले असतील तर

आर, पांडास, नमपायच्या रांगांचा कोश या सगळ्यांत प्रत्येक रकाना ही मेमरीतली वेगळी पट्टी असते. इथं फेऱ्यांची पद्धत चालते, पण तिच्यात वाचणं आणि लिहिणं दोन्ही उड्या मारत होतं, म्हणून ती संथ पडते. त्यापेक्षा एका रकान्याएवढी, ८० एमबीची, कच्ची जागा एकदाच घ्या. पहिला रकाना क्रमयादीप्रमाणे कच्च्या जागेत उतरवा आणि तिथून जसाच्या तसा मूळ जागेवर परत ओता. मग तीच कच्ची जागा दुसऱ्या रकान्याला, मग तिसऱ्याला, असे वीसही रकाने. वाचताना उड्या पडतात, लिहिणं मात्र सरळ ओळीनं होतं. जादा जागा ८० अधिक ४०, म्हणजे १२० एमबी.

आरमध्ये हेच काम डेटा-टेबल तयार करून देतं. चौकटी कंसात ऑर्डर लिहून ओळी मागितल्या तर नवा तक्ता बनतो. सेटऑर्डर मात्र तोच तक्ता जागेवर हलवते आणि जादा जागा जवळपास एका रकान्याएवढीच घेते. सेटऑर्डरला तक्ता, सभासद, तारीख, वेळ अशी नावं द्या. उतरता क्रम हवा असेल तर नावाआधी वजाचं चिन्ह. तक्ता आधीच त्या क्रमात असेल तर ती काहीच हलवत नाही. आरमध्ये नावांच्या रकान्यात खरी अक्षरं नसतात, ८ बाइटचे पत्ते असतात, त्यामुळं लांबलचक नावांचा रकानाही आकड्यांच्या रकान्याइतक्याच सहज हलतो.

कधी कधी क्रम कुठल्याच रकान्यावरून निघत नाही. दुधाची गाडी ज्या वाटेनं जाते त्या वाटेच्या क्रमानं ओळी हव्या असतात, आणि ती यादी वेगळी आलेली असते. मग असं करा. चौकटी कंसात आधी "आणायची" यादी द्या, आणि विसर्ग-बरोबर (:=) या चिन्हानं जागा नावाच्या नव्या रकान्यात १, २, ३ असे ओळीनं अंक भरा. यादीतल्या पहिल्या ओळीला १ मिळेल, दुसरीला २. म्हणजे "आणायची" यादी आपोआप "पाठवायची" झाली. मग जागा या रकान्यावर सेटऑर्डर लावा, आणि काम झाल्यावर त्याच चिन्हानं त्यात नल (म्हणजे "काही नाही") भरून रकाना काढून टाका. यात कुठंही अख्खा तक्ता दुप्पट होत नाही.

एक धोका ध्यानात ठेवा. तक्त्याला दुसरं नाव दिलं म्हणजे दुसरा तक्ता झाला असं डेटा-टेबलमध्ये नसतं. "जुना" असं नाव देऊन ठेवलंत आणि नंतर सेटऑर्डर चालवली, तर "जुना" सुद्धा हललेला दिसेल. खरोखर वेगळी प्रत हवी तर कॉपी म्हणून आज्ञा द्यावी लागते, आणि मग मेमरीही तेवढी लागते.

पांडासमध्ये सॉर्ट-व्हॅल्यूजला "इनप्लेस" सांगितलं की जागच्या जागी काम होतं, असा खूप जणांचा समज आहे. तसं होत नाही. आतून नवी मांडणी तयार होते आणि मग जुन्या नावाला ती जोडली जाते. ऐन वेळी मेमरी दुप्पटच लागते. मोठ्या तक्त्यासाठी प्रत्येक रकाना नमपायची वेगळी रांग म्हणून ठेवा आणि वर सांगितल्याप्रमाणे एकेक रकाना टेक या आज्ञेनं कच्च्या जागेत उतरवा. टेकला आउटमध्ये कच्ची जागा द्या आणि मोडमध्ये क्लिप लिहा. मोड तसाच सोडला तर नमपाय आतल्या आत आणखी एक तात्पुरती रांग घेतं. क्लिपमध्ये चुकीचा क्रमांक आला तरी तक्रार होत नाही, म्हणून यादी आधी तपासलेली असायलाच हवी. आर्गसॉर्टला "स्टेबल" सांगायला विसरू नका, म्हणजे एकाच सभासदाच्या ओळी आपसातला जुना क्रम सोडत नाहीत. तिची यादी ८ बाइटच्या अंकांची असते, तेव्हा ४० च्या जागी ८० एमबी धरा.

बेरीज जुळली म्हणून कागद छापू नका

हे मी एका चुकीतून शिकलो आणि ती चूक अजून टोचते. एकदा रकाने हलवताना मध्येच काम थांबवलं. सभासद आणि नावाचे रकाने नव्या क्रमात गेले होते, लिटर आणि रक्कम जुन्याच क्रमात राहिले. मी एकूण लिटर पाहिले, जुळले. एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली. बिलं छापून संस्थेत पाठवली. दुसऱ्या दिवशी एक आजी कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझी म्हस आटून दोन म्हैनं झाली बाळा, आणि ह्या कागदावर सा लिटर कुठनं आलं?" त्यांच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं दूध होतं. म्हणजे त्या दुसऱ्या माणसाचे कष्ट तिसऱ्याच नावावर गेले होते. सगळी बिलं परत मागवली.

रकान्याची बेरीज क्रम बदलल्यानं बदलतच नाही, त्यामुळं ती जुळणं हा पुरावाच नव्हे. तपासायची ती ओळीची गाठ. हलवण्याआधी दर ओळीत सभासद क्रमांक गुणिले मिलिलिटर करून त्या गुणाकारांची बेरीज लिहून ठेवा. हलवल्यावर पुन्हा काढा. एक रकाना जरी मागं राहिला तरी ही बेरीज जवळपास नक्कीच चुकते. तसंच सभासद गुणिले पैसे, सभासद गुणिले गाव क्रमांकाचे शेवटचे तीन अंक (सहाही घेतले तर बेरीज खाली सांगितलेल्या मर्यादेबाहेर जाऊ शकते), सभासद गुणिले तारखेचा अंक. जो रकाना हलवला त्याची सभासदाशी अशी एक गाठ हवीच.

लिटर आणि रुपये इथं वापरू नका, मिलिलिटर आणि पैसे वापरा. दशांश अंकांची संगणकातली बेरीज क्रम बदलला की शेवटच्या एखाद्या घरात बदलू शकते, आणि मग फरक खरा की खोटा तेच कळत नाही. पूर्णांकांत हा प्रश्न नाही. आरमधला साधा पूर्णांक २१४ कोटींच्या थोडा पुढं गेला की संपतो, म्हणून गुणाकाराआधी रकाना न्यूमेरिक, म्हणजे ८ बाइटच्या अंकांचा, करून घ्या. न्यूमेरिक ९,००० लाख कोटींपर्यंत पूर्णांक अचूक धरतो. सभासद ३,५०० आणि एका वेळचं दूध ५० लिटर धरलं तरी १ कोटी ओळींची बेरीज १,७५० लाख कोटींच्या आत राहते. हे गणित १० लाख ओळींच्या तुकड्यांत करा, नाहीतर तपासणीच मेमरी खाऊन बसेल.

काम चालू असताना दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला तोच तक्ता वाचू देऊ नका, आणि शेवटचा रकाना होईपर्यंत फाइल साठवू नका. डिस्कवर जुन्या क्रमाची फाइल शाबूत असेल तर वीज गेली तरी बिघडत नाही, पुन्हा उघडून पहिल्यापासून करता येतं. साठवताना वेगळ्या नावानं साठवा, गाठी तपासा, मगच जुनी फाइल काढा.

आणि फाइल पहिल्यांदा उघडली की लगेच मूळक्रम नावाचा एक रकाना जोडा, १ पासून १ कोटीपर्यंत, ४ बाइटच्या पूर्णांकांत. त्याला ४० एमबी लागतात, पण कितीही वेळा क्रम बदलला तरी या एका रकान्यावर क्रम लावला की तक्ता जसा आला होता तसा परत मिळतो. शाईच्या पावत्यांशी ताडून बघायची वेळ येते तेव्हा तोच क्रम लागतो, कारण पावत्यांचे गठ्ठे त्याच क्रमानं बांधलेले असतात.